कोरडे केस

लग्न करून मी लोणंदहून मिरजेला आले तेव्हा वाटलं होतं, सासरी माझा स्वयंपाक बघतील, शिवण बघतील. बघितले ते केस.

आमच्यात नवराबायको जवळ आले की नमाजाआधी डोक्यावरून अंघोळ करावी लागते. त्यात काही वाईट नाही, मला तर ते आवडायचं. पण न्हाणीघर अंगणापलीकडे, आणि पहाटेच उठलेल्या सासूबाई तसबीहची माळ घेऊन दारातच बसलेल्या. माझे केस ओले दिसले की त्यांचा चेहरा खुलायचा. चार दिवस कोरडे दिसले की मुलाला हाक, "क्या रे, झगडे क्या?" माझ्या अंथरुणाची बातमी अख्ख्या घराला माझ्या वेणीवरून कळायची.

दुसऱ्या वर्षी माझं पोट पडलं. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, "मी सांगेपर्यंत लांब राहायचं." ते हो म्हणाले. पण घरी माझ्या कोरड्या केसांवरून त्यांच्या आईचं टोचणं सुरू झालं आणि यांचा हात पुन्हा माझ्या खांद्यावर येऊ लागला. मी नाही म्हणायची. ते कूस बदलायचे. पण रोज उठून किती नाही म्हणायचं? शेवटी मी पहाटे डोक्यावर बादलीभर गार पाणी ओतून घ्यायला लागले. बंब पेटवायचं त्राण अंगात नव्हतं. केस ओले दिसल्यावर सासूबाई गप्प, त्या गप्प म्हणून हेही गप्प. शिंकून शिंकून बेजार झाले ती मी.

मग ताप आला, आणि तापाबरोबर संताप. दुखणं माझं, अंग माझं, आणि नाटकही मीच करायचं? दुसऱ्या दिवशी हे मशिदीत गेल्यावर मी केस सोडून बाहेर आले, सासूबाईंपुढे तेलाची बाटली ठेवली आणि पाठ करून बसले. राग आला की माझी शाळेतली मराठी बाहेर येते.

"तेल लावा, अम्मी. केस कोरडे आहेत. मी बरी होईपर्यंत कोरडेच राहणार."

"मरद को नै बोलनेवाली औरत को अल्ला क्या बोलता, मालूम है?"

"दुखणाईत बायकोला छळणाऱ्याला काय बोलतो, तेही मालूम आहे. दोन्ही बरोबरच विचारू."

मग बाटलीचं झाकण उघडलं. तेल टाळूवर जिरवता जिरवता त्या पुटपुटल्या, "बंब थंडाच रहता था. मेरेकु मालूम था."

"मग बोलला का नाहीत?"

"क्या बोलू? मैं बी ऐसाच करती थी."

मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. ते गार पाणी कसं लागतं हे ठाऊक असून ही बाई रोज दारात बसून माझे केस बघत होती, याचाच राग आला. इतक्यात हे टोपी काढत अंगणात आले.

"आता मुलाला तुम्हीच सांगा," मी म्हटलं.

त्यांचे हात माझ्या केसांतच थांबले. "डाक्टरीन बोले तक," त्या मुलाकडे न बघता म्हणाल्या, "इसके नजदीक नै जाने का."

मी त्यांना ते परत एकदा बोलायला लावलं, कारण पहिल्यांदा त्या फारच हळू बोलल्या होत्या.