सुई जागेवरच होती

हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. आणि तिला मी काय सांगत नाही? कुणाच्या पलंगाखाली किती जाळी आहेत, कुणाच्या फ्रिजमध्ये कुठल्या सणाची भाजी कुजतेय — सगळं सांगते. हे मात्र नाही. तुम्ही ऐका. पण ऐकून माझी समजूत घालायला येऊ नका, तेवढी माझी लायकी नाही.

बोरगाव मेघेतल्या आमच्या कॉलनीत माझं घर प्रसिद्ध आहे. माझ्या घरात काही हरवत नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायका ओट्यावरून हळूच बोट फिरवून बघतात आणि विचारतात, कसं जमतं हो तुम्हाला? मी सांगते. वापरून झाली की वस्तू जागेवर. झोपण्याआधी ओटा कोरडा. एक नवीन आणलं की एक जुनं घराबाहेर. आणि सवय लागेपर्यंत घरच्यांवर दया नाही. त्या माना डोलावतात, घरी जातात आणि धुतलेल्या कपड्यांचा ढीग सोफ्यावर टाकून मालिका बघत बसतात. कीव नाही येत मला त्यांची, किळस येते. कपड्यांच्या ढिगाला टेकून जेवणारी माणसं — काय म्हणायचं त्यांना?

पण ते शेवटचं लक्षात ठेवा. दया नाही, ते.

सासरे गेले तशा सासूबाई सिंदी रेल्वे गावातलं घर बंद करून आमच्याकडे आल्या. सोबत त्यांच्या सवयी आल्या. काडीपेटी तेलाच्या डब्यामागे, चष्मा देव्हाऱ्यात, सुपारी उशीच्या खोळीत. आणि सुई, दोरा ओवून, कॅलेंडरला टोचलेली. सुई हातोहात देऊ नये, भांडण लागतं, असं त्या मानत. म्हणून त्या ती कॅलेंडरला टोचायच्या. ज्याला हवी त्यानं तिथून घ्यावी. माझी पांढरीशुभ्र भिंत, आणि तिच्यावर लोंबणारा दोरा! खेडवळपणा, दुसरं काय? तेव्हा मनात हाच शब्द आला होता, तो आज बदलून सभ्य करत नाही.

मी त्यांना डब्या दिल्या, कप्पे दाखवले. त्या हो म्हणायच्या आणि सुई पुन्हा कॅलेंडरला. सांगून सांगून माझं तोंड दुखलं. मग एके दिवशी मी — इथं आलं की माझी जीभ अडते — एके दिवशी मी काहीच बोलले नाही. सुई काढली, माझ्या शिवणाच्या डबीत टाकली आणि कपाट लावलं. दुपारी त्या कॅलेंडरसमोर उभ्या.

"काऊन वो सुनबाई, माह्यी सुई कुठं गेली? म्या तं इथंच टोचली होती."

"तुमीच कुठं ठेवली असन, आई. आठवून पाहा."

बस, एवढंच. भांडण नाही, आदळआपट नाही. त्या बराच वेळ आठवत राहिल्या. आणि मला काय वाटलं, सांगू? आनंद झाला. उपाय सापडल्याचा.

मग काडीपेटी. मग चष्मा. मग सुपारी. दर वेळी तेच वाक्य, त्याच मऊ आवाजात. हळूहळू त्यांनी वस्तूंना हात लावणंच सोडलं. घर कसं चकचकीत झालं! गोळाभात त्यांच्या हातचा नावाजलेला. एकदा अर्ध्यातच उठल्या आणि म्हणाल्या, मीठ टाकलं का नाई ते आठवत नाई, तूच पाहा. मी चव घेतली. मीठ अगदी बरोबर होतं. मी तसं सांगितलं नाही. त्यानंतर त्यांनी गोळाभात केला नाही.

नवऱ्याला स्वतःचा रुमाल माझ्याशिवाय सापडत नाही, पण आईचं निदान त्यानं चुटकीसरशी केलं — आईचं डोकं जागेवर नाही. मात्र डॉक्टरकडे न्यायच्या आदल्या दिवशी त्यानं मला विचारलं, सासूबाईंसमोरच, "तू तं नाई ना हलवत तिच्या वस्तू?" अशा माणसाला जन्मात एकदा शहाणपण सुचावं, आणि तेही त्या दिवशी! सासूबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर आशा होती. मला ती स्वच्छ दिसली. मी हो म्हटलं असतं तर ती बाई तिथल्या तिथं बरी झाली असती. आणि माझं काय गेलं असतं? चार दिवसांचा अबोला?

मी म्हटलं, "मी काऊन हलवू?"

सुई तेव्हा शेजारच्या खोलीत, माझ्या डबीत होती. सासूबाईंनी मान खाली घातली.

डॉक्टरनं वय विचारलं, मान हलवली आणि गोळ्या लिहून दिल्या. त्याच्याकडूनही मला फार अपेक्षा नव्हती. पुढं आर्वीला नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. नातीच्या लग्नाला आजी गेली नाही. चारचौघांत कुणाचं नाव चुकलं तर लेकाला खाली पाहावं लागेल, म्हणून. आम्ही निघताना मला बसवून त्यांनी सांगितलं, तिथं कुणाकुणाला आठवणीनं भेटायचं. दोन्हीकडची माणसं, त्यांच्या सुना, सुनांची माहेरं. एक नाव चुकलं नाही. मी हो-हो म्हणत साडीच्या निऱ्या नीट करत होते.

नंतर नंतर त्या झोपताना चष्मा काढून माझ्या हातात द्यायला लागल्या. "ठेव बाई. तुह्या हातून काई हरवत नाई." मी घ्यायची, डबीत घालायची, डबी कप्प्यात ठेवायची.

त्या गेल्या तेव्हा बायका म्हणाल्या, विसराळू सासूचं किती केलंस गं! मी पदरानं डोळे पुसले. डोळ्यांत पाणी खरं होतं. त्यानं काय सिद्ध होतं? ढोंगी माणसालाही रडू येतं.

परवा कॉलनीतल्या बायकांनी पुन्हा बोलावलं, घर नीट ठेवायच्या सवयी सांगा म्हणून. मी गेले. सगळं सांगितलं, दया नाही हेसुद्धा. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी त्या घेतल्या.

ती सुई अजून माझ्या डबीत आहे. दोरा त्यांनीच ओवलेला, पांढरा, टोकाला गाठ मारलेली. मी ती वापरत नाही, टाकतही नाही. डोळे मिटून हात घातला तरी सापडेल. माझ्या घरात काही हरवत नाही.