दोन पंगती आणि एक कोंडवाडा

कुंदाबाईचा आवाज असा, की तिनं केळीच्या बागेच्या या बांधावरून हाक मारली तर त्या बांधावरचा माणूस ‘ओ’ देई. नाटक कंपनीत जन्मली असती, तर पिटातल्या शेवटच्या प्रेक्षकालाही कान टवकारावे लागले नसते. पण ती नांदली सावद्याजवळच्या एका लहानशा गावात, पितांबर चौधरींच्या घरी. साठी उलटेपर्यंत तो आवाज मजुरांना भाकरीला बोलावण्यात आणि पितांबरभाऊंना गप्प बसवण्यातच खर्ची पडला.

त्या आवाजाला खरी भूमिका मिळाली ती सुनंदाबाईमुळे. बाजारतळावर ट्रकमध्ये केळी भरणाऱ्या बायांतली ही एक. वैशाखाच्या उन्हात भोवळ येऊन पडली. कुंदाबाईनं तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि ती ओरडली, “पानी काहून पीत नाही वं?”

सुनंदाबाई पडल्या पडल्या म्हणाली, “पेली, तर मंग जाऊ कुठी, अक्का?”

काही वाक्यांनी पुढचा अंकच फिरतो. केळीवाल्या, भाजीवाल्या, बांगड्या भरणाऱ्या, एवढ्या बाया दिवसभर त्या बाजारतळावर राबायच्या आणि त्यांच्यासाठी एक संडास नव्हता. कुंदाबाईनं ग्रामसभेत विषय काढला. दोनदा काढला, दोन्ही वेळा तो जागेवरून पडला. मंदिराजवळ नको, मशिदीजवळ नको, दुकानांच्या मागं तर नकोच नको. वर सरपंच हसत म्हणाले, “बायांची मागनी हाये ना अक्का? मंग बाया कुठी हायेत?”

खरंच, बाया नव्हत्या. एकटी कुंदाबाई उभी होती.

तिसरी ग्रामसभा फेब्रुवारीच्या शेवटी ठरली. आदल्या दिवशी आपली गल्ली, जैन गल्ली आणि मुसलमान मोहल्ला अशा तिन्हीकडच्या बायांना मळ्यात जेवायला बोलवायचं कुंदाबाईनं ठरवलं. खानदेशात माणसं जमवायला भरितासारखी दवंडी नाही! ती स्वतः दारोदार फिरली. कापडवाल्या भिकमचंद शेठच्या चंद्रकांताबाई म्हणाल्या, “बसायला नक्की येऊ.” मोहल्ल्यातली बांगडीवाली शमीम म्हणाली, “आऊंगी अक्का, दहाजणींना घेऊन येते.” बोलावणारीचा मान मोडू नये म्हणून दोघींनीही आपली अडचण सांगितली नाही.

दिवस कलायला लागला. काट्यांच्या जाळावर वांगी भाजून, ठेचून भरीत तयार. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी टोपलीत. बाया आल्या, सतरंज्यांवर बसल्या. कुंदाबाईनं पहिलं पान शमीमपुढं मांडलं.

“अक्का, रोजा आहे ना. अजान होऊ द्या.”

“मंग थांबू, माय. बठ्ठ्या संगंच बसू.”

तेव्हा चंद्रकांताबाई हळूच म्हणाल्या, “कुंदाबाई, सूर्य मावळला की आमचं तोंड बंद. आणि वांगं आमच्यात चालत नाही.”

कुंदाबाईच्या हातातलं पुढचं पान हातातच राहिलं. शमीम सूर्य बुडाल्यावर जेवणार, चंद्रकांताबाई सूर्य बुडण्याआधी. या दोन्ही गोष्टी तिला जन्मापासून ठाऊक होत्या. पण एका अंगणात त्या कधी शेजारी बसल्याच नव्हत्या. आता निम्म्या बाया उपाशी परत जाणार, आणि उद्याच्या सभेत पुन्हा ती एकटीच.

“अशी काय उभी राह्यली वं? मोठी गावजेवन घालायला निघाली!” मागून जाऊ सुकाबाईनं टोमणा मारला, आणि दोघीतिघी फिसकन हसल्या.

शमीम उठली. पदर खोचला, कुंदाबाईच्या हातून पान काढून घेतलं. “रोजा खाण्याचा असतो, वाढण्याचा नसतो. काकी, तुम्ही बसा. आत्ता मी वाढते. अजान झाली की तुम्ही वाढा.”

“मी? तुझ्या पानात भरीत?” चंद्रकांताबाई दचकल्या.

“खायचं नाही काकी, डावानं टाकायचं.”

आता हसू साऱ्या सतरंजीवर पसरलं. कुंदाबाईची सून कामिनी धावत जाऊन कच्च्या केळीचा घड घेऊन आली. कांदा-लसणाशिवाय, हिंग-जिऱ्याची भाजी तव्यावर चुरचुरली. शमीम आणि तिच्या सोबतिणी, ओठ सुकलेले, पण आग्रह असा करत होत्या जणू घरचं लग्न आहे. “अजून एक भाकर, काकी! सूरज आहे अजून वरती!”

मग पश्चिमेकडं केळीच्या पानांआड लाल झालं, अजान आली, आणि चंद्रकांताबाई डाव घेऊन उभ्या राहिल्या. मान जरा वळवून का होईना, त्यांनी भरीत वाढलं. कुंदाबाईच्या गल्लीतल्या बाया दोन्ही पंगतींत जेवल्या. “आमाले कोनाचाबी नेम नाही वं,” सुकाबाई बोटं चाटत म्हणाली.

वाढणारीला बसलेल्यांना सोडून जाता येत नाही. त्यामुळे कोणी लवकर उठलं नाही, आणि गोष्ट निघाली. मंदिर कुठं, मशीद कुठं, दुकानं कुठं. तिन्हींपासून लांब काय आहे? कामिनी म्हणाली, “जुना कोंडवाडा.”

“चार भिंती तर आयत्याच हायेत,” सुनंदाबाई म्हणाली. “ढोरायले जागा भेटली व्हती. आपल्यालेबी भेटीन.”

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेला पुरुषांना उभं राहावं लागलं. खुर्च्या बायांनी धरल्या होत्या. सरपंचांनी विचारलं, “जागा कुठी?” आधी चंद्रकांताबाई उठल्या, मग शमीम, मग सुनंदाबाई. तिघींनी एकच जागा सांगितली. कुंदाबाईला त्या दिवशी बोलावंच लागलं नाही, आणि बोलायला न मिळाल्याबद्दल ती थोडी रुसलीही. ठराव झाला.

ठराव म्हणजे भिंत नव्हे, हे सगळ्याच जाणून होत्या. आठवड्याला एक जण पंचायतीत चक्कर मारी. कधी बांगडीवाली, कधी शेठाणी. पावसाळ्याआधी हिलाल मिस्तरी थापी घेऊन कोंडवाड्यात आला आणि पहिलाच प्रश्न टाकला, “संडासच्या भांड्याचं तोंड कुठी करू?”

कुंदाबाईनं कपाळाला हात लावला. झालं, आता इथं भांडण!

“पश्चिमेकडं नको, तिकडं काबा,” शमीम म्हणाली. “पाठही नको तिकडं.”

“पूर्व-पश्चिम आमच्या वास्तूतही वर्ज्य आहे,” चंद्रकांताबाई म्हणाल्या.

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

“मंग उत्तर-दक्षिन!” कुंदाबाई गरजली, रस्त्यापलीकडच्या टपरीवरच्या माणसांनी माना वळवल्या. “ऐकलं का मिस्तरीभाऊ? लाव आता दोरी.”