मोकळं केलेलं इंजिन

बंदरावर माझं वर्कशॉप आहे. ट्रॉलरची इंजिनं खोलण्यात आणि बसवण्यात माझी उमर गेली. त्यामुळे भावोजींनी रुमालात गुंडाळलेलं ते इंजिन माझ्या टेबलावर ठेवलं तेव्हा मला हसूच आलं. लिंबाएवढं इंजिन, त्याला वीतभर पंखा. सोबत साबणाच्या वडीएवढी तेलाची टाकी. असल्या खेळण्याला मिस्त्री कशाला हवा, असं मी बोलूनही गेलो. माझं तोंड तसंच आहे.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. कॉलेजात शिकवायचे तेव्हा सुट्टीच्या दिवशी मुलांना सड्यावर, गावावरच्या मोकळ्या कातळावर नेऊन लाकडी विमानं उडवायला लावायचे. रिमोटची नव्हेत, तारेची. उडवणारा मध्ये उभा, त्याच्या मुठीतून दोन बारीक तारा विमानापर्यंत गेलेल्या, आणि विमान त्याच्याभोवती गोल फिरतंय. निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांचे डोळे जायला लागले. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं मला ताईकडून कळलं होतं. हे जुनं इंजिन त्यांनी कुणाकडून तरी मागवलं होतं आणि ते नीट चालत नव्हतं.

‘एकदा उडवायचंय रे,’ ते म्हणाले. ‘तेवढं चालतं करून दे.’

नजर आहे तोवर बघायचंय, असा मी त्याचा अर्थ घेतला. ताई त्यांना हाताला धरून पायऱ्या उतरवत होती. माझ्या पायऱ्यांवर कायम ऑइल सांडलेलं असतं, म्हणून मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

इंजिन फळीवर आवळलं, शेजारी टाकी बांधली आणि फिरवलं. लगेच पेटलं, कानठळ्या बसतील असं किंचाळलं आणि पाचदहा सेकंदांत ढेपाळून बंद पडलं. तेल कमीजास्त करणारी सुई उघडली तर धूर आणि थुंकी, बंद करत आणली तर अंग तापून गप्प. ग्लो प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, गॅस्केट नवीन कापून घातलं. फरक शून्य. तीन संध्याकाळी गेल्या. बंदरावरचे खलाशी येता जाता विचारायचे, मिस्त्री, विमान कधी सुटतंय?

चौथ्या दिवशी थंड इंजिनाचा पंखा हाताने फिरवताना लक्षात आलं की पिस्टन अगदी वर गेला की अडतोय. चांगलाच अडतोय. मी मांडीवर थाप मारली. आमच्या धंद्यात अडणारा पिस्टन म्हणजे उद्या जाम होणारं इंजिन, आणि अडलेलं मोकळं करणं हेच तर माझं पोटापाण्याचं काम. व्हॉल्व घासायची पेस्ट काढली आणि दोन तास पिस्टन सिलिंडरमध्ये घासला. रॉकेलने धुतल्यावर पंखा बोटाच्या एका टिचकीने फिरायला लागला. सुरू करून बघायचीही मला गरज वाटली नाही. तसाच स्कूटरला किक मारून ताईच्या घरी गेलो.

भावोजींनी पंखा एकदा फिरवला. पुन्हा फिरवला. मग हात थांबला.

‘हे कुणी केलं?’

मी, म्हटलं, आणि कसं केलं ते रंगवून सांगितलं. माझं संपल्यावर ते म्हणाले, ‘घट्ट होतं तेच बरोबर होतं, मेल्या. थंडपणी वर अडायलाच हवं. तापलं की बाहेरचा सिलिंडर फुगतो आणि पिस्टनला हवी तेवढीच जागा होते. आता यात दाब नाय उरला. हे पेटणार नाय.’

आधी मी भांडलो. इतकी वर्षं इंजिनं बघतोय, मला शिकवू नका, असं थेट म्हणालो. मग पंखा मी स्वतः फिरवला. बोटाला काहीच लागलं नाही, रिकामी फिरकी फिरावी तसा फिरला. नवा पिस्टन मिळेल का विचारलं तर म्हणाले, या इंजिनाचे भाग मिळणं कधीच बंद झालंय.

रात्री जेवण गेलं नाही. मी मुळात हेकट माणूस, आपल्यावर आलेलं दुसऱ्यावर ढकलायला काहीतरी शोधणारा. म्हणून सकाळी ती टाकी बादलीत बुडवून फुंकली. तेल खेचणाऱ्या रबरी नळीतून बुडबुड्यांची माळ वर आली. टाकीत शिरते तिथेच नळीला केसाएवढी चीर होती. इंजिन तेलाबरोबर हवा ओढत होतं, बस्स, एवढंच. बोटीचं इंजिन ढेपाळलं तर आधी हवा बघायची, हे मी नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतो. खेळणं म्हणून मी ते बघितलंच नव्हतं. धडधाकट इंजिन माझ्या हातांनी मेलं होतं.

लपवता आलं असतं. पण नळी घेऊन गेलो. भावोजी पडवीत खुर्चीवर होते. मी नळी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात पुढे केला नाही.

‘बोल ना,’ ते म्हणाले.

नळी त्यांच्या नाकासमोर होती. मी ती हळूच डावीकडे नेली, उजवीकडे नेली. त्यांचे डोळे हलले नाहीत. शेवटी मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी नखाने चाचपून चीर शोधली, ‘हवा होय,’ म्हणाले आणि मान हलवली. असला दोष ते पूर्वी पारदर्शक नळीतले बुडबुडे बघून पकडायचे.

‘कधीपासून?’ मी विचारलं.

‘गणपती झाल्यापासून. उजेड कळतो तेवढाच. तुझ्या ताईला माहीत आहे. तुला सांगितलं असतं तर तू इंजिन सोडून माझ्याकडेच बघत बसला असतास.’

म्हणजे माझ्याकडे आले तेव्हाच त्यांना दिसत नव्हतं. मग उडवणार कसे होतात, हे माझ्या तोंडून निघून गेलं. ताई दारात उभी होती, तिने माझ्याकडे असं बघितलं की जमिनीने दुभंगून पोटात घेतलं तर बरं, असं वाटलं.

भावोजी शांतपणे म्हणाले, ‘तारेचं विमान आहे ते. किती वर आहे ते मुठीला कळतं, कुठे आहे ते आवाजावरून कळतं. बघायला कशाला लागतंय?’

बॅटरीवरची मोटर बसवून देतो, मी म्हणालो. ते म्हणाले, तिचा आवाज सड्यावरच्या वाऱ्यात पुसून जातो, विमान समोर आहे की पाठीमागे, मला समजणार नाही. मग मी म्हटलं, दुसरं जुनं इंजिन शोधतो, कुठूनही आणतो.

‘शोध,’ ते म्हणाले. ‘पण सापडलं तर आधी माझ्या हातात दे. तू नको खोलू.’