मधला दाब

डबा तसाच भरलेला परत आला, तेव्हाच मले समजलं. यांचा धाकटा भाऊ, आमचे भाऊजी, दवाखान्यातून सायकल ढकलतच आले. डबा ओट्यावर ठेवला न् भिंतीकडं तोंड करून बसले… पोरगी माझ्या कडेवर, चुलीवर भात उकळून राहिला, न् मी आपली विचारूनच राहिली, "जेवले नाहीत? काहून जेवले नाहीत?" निमोनिया होता. लढाई सरली, लोकांनी खिडक्यांवरचे काळे कागद काढले, न् मग हे गेले.

फौजेचा माल ठेवतात त्या कोल्ड स्टोरेजमध्ये हे मशीन चालवायचे. लशी राहत तिथं, गोठवलेलं मटण राहे. सुपरवायझरच्या परीक्षेले बसायचं होतं, म्हणून सुट्टीच्या दुपारी दीक्षितपुऱ्याच्या आमच्या खोलीत फरशीवर आलेखाचा मोठा कागद पसरत. माझी शाळा सातवीत सुटली, पण आकडे वाचता येतात. पोरीले पाजता पाजता मी कोष्टकातले आकडे वाचायची, किती दाबाले मशिनीतल्या अमोनिया गॅसच्या पोटात किती उष्णता, न् हे ठिपके मांडायचे. एकदा मी विचारलं, "दोन मशिनी काहून लागतात हो? एकच मोठी आणा ना."

"अवं शशी, दोन घागरी घेऊन एका दमात तिसऱ्या माळ्यावर चढली तर काय होईल तुझं?"

"मरीन."

"गॅसचंही तसंच. एकाच मशिनीनं खालून वरपर्यंत दाबला तर असा तापते का तेल जळते, झडपा जातात. म्हणून पहिली थोडा दाबते, मधात त्याले थंड करायचं, मग दुसरी दाबते. वीजही कमी खाते."

"मग अर्धा अर्धा वाटून द्या."

"लो, सुनो इनकी!" हे हसले. "खाली दाब दोन, वर अठरा. अर्ध्यावर दहा येतात. पहिलीनं दोनाचे दहा करायचे, पाचपट. दुसरीले दुप्पटही नाही. पहिली मरून जाईल ना! मधला दाब सहा पाहिजे. दोनाचे सहा तिप्पट, सहाचे अठराही तिप्पट. दोघींले सारखं ओझं."

"हा हिशेब तुमच्या आईले शिकवा," मी म्हटलं, तर किती हसले… पेन्सिलच सुटली हातातून.

मग लढाई लागली. जोडीचा माणूस फौजेनं परत बोलावला, न् हे दोन्ही पाळ्या करू लागले. मशिनीच्या हॉलमध्ये भट्टीसारखं गरम, तिथून घामानं ओले तसेच गोठणखोलीत. ताप आला, खोकला आला, तरी निघाले. मी सायकलचं हँडल धरलं. "गॅसले मधात थंडावा देता, तुमाले कोण देते?"

"गॅसची हजेरी नसते ना! सोड, लशी खराब होतील." हसता हसता खोकला लागला, थांबेच ना… पण गेले.

तेराव्यानंतर सासरच्या गावाहून, मझौलीहून, सासूबाईंचा निरोप आला. नात आमची, ती इथं राहील, तू वयानं लहान, माहेरी जा. म्हणजे पोरगी मले सोडायची! इकडं कोल्ड स्टोरेजच्या साहेबांनी सांगितलं, यांच्या जागी नाही, पण मशिनीवरच्या दाबाच्या घड्याळांचे आकडे लिहायचं काम देतो. मी मनात म्हटलं, कमाई असली तर पोरगी कोण नेईल? पण मले त्या मशिनींचं भेव वाटे. पाइप फुटला तर? मलेच काही झालं तर हिचं कोण? रात्र रात्र हाच विचार. शेवटी ठरवलं, साहेबांले नाही म्हणून यायचं न् मझौलीले जायचं. भाऊजी पेटी घेऊन फाटकाशी रिक्षात थांबले, मझौलीच्या बसची वेळ होत होती, न् मी पोरीले घेऊन आत गेली.

हॉलमध्ये असा आवाज का छातीच हलते. दोन्ही मशिनी चालू, मधातल्या, गॅस थंड करायच्या टाकीवर पांढरं दव. मशिनीवरचे तिवारी भैया ओरडून म्हणाले, "भाभी, बच्ची डर जाएगी, बाहर बैठो." मलेही वाटलं, आता पोरगी हंबरडा फोडते.

पण ती रडली नाही. नाक वर केलं तिनं. तिथं अमोनियाचा वास असते, थोडा, डोळ्याले लागणारा. हे घरी येत तेव्हा यांच्या शर्टाले, केसांले तोच वास, धुवून धुवूनही निघत नसे. पोरीनं मान इकडं फिरवली, तिकडं फिरवली, न् मशिनींच्या मागच्या दाराकडं दोन्ही हात पसरले… बाबा येतील म्हणून. हसून राहिली.

मी बाहेर येऊन भाऊजींले म्हटलं, पेटी उतरवा.