रंगाऱ्याची साक्ष

तिला सगळे टाचणी म्हणायचे. दिवसभर ओठांत चार-सहा टाचण्या धरून ती कपडे बेतायची, म्हणून. आणि टाचण्या काढल्यावर जे बोलायची, त्यामुळेही. एकदा डॉक्टरांची बायको नवा झगा परत घेऊन आली, कमरेत घट्ट झालाय म्हणून. टाचणीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माप देताना पोट आत ओढून उभ्या होतात बाई. मी त्या पोटाला शिवलाय. हे दुसरं पोट तेव्हा कुठे होतं?" डॉक्टरांची बायको पाय आपटत गेली आणि पुढच्या महिन्यात आणखी दोन झगे टाकून गेली, कारण टाचणीसारखा हात आसपास कुणाचा नव्हता.

नवरा घरं रंगवायचा. त्याला सगळे रंगारीच म्हणत. गल्लीच्या टोकाला दोन खोल्या. पुढच्या खोलीत तिचं मशीन, मागच्या खोलीत संसार, जिन्याखाली त्याची शिडी आणि डबे. मूलबाळ झालं नाही. चारचौघांत हा माणूस तोंड उघडायचा नाही, पण संध्याकाळी तिच्याजवळ बसला की दिवसभराचं सगळं सांगायचा: कुठल्या घराच्या भिंतीत ओल आहे, कुठला मालक बायकोला विचारल्याशिवाय पिवळा रंग ठरवतो आणि मग कसा शिव्या खातो. ती टाचण्या तोंडात धरून हसायची, आणि ते काही सोपं काम नाही.

पण ही संध्याकाळ तिला आयती मिळाली नव्हती. लग्नानंतरची पहिली बारा वर्षं रंगारी प्यायचा. थोडी नाही, पडेपर्यंत. तिचं पहिलं मशीन विकून प्यायला, तेव्हा ती दीड वर्ष हाताने शिवत होती. एकदा हात उगारला, तर तिने कात्री उगारली. त्यानंतर त्याने तो प्रकार केला नाही. मग एक दिवस शिडीवरून पडला, खुब्याचं हाड मोडलं, तीन आठवडे इस्पितळात काढले, आणि घरी आला तो गुत्त्याकडे वळलाच नाही. एवढंच झालं. ना आकाशातून उजेड पडला, ना कुणाची वाणी ऐकू आली. पहिले सहा महिने तो रोज संध्याकाळी गुडघे घट्ट धरून उंबऱ्यावर बसायचा आणि ती त्याच्या शेजारी बसून काजं करायची. काय सोसलं ते त्या दोघांना माहीत.

पण एवढ्याशा गोष्टीने हेडमास्तरांचं भागणार होतं थोडंच! हेडमास्तर शाळेतून निवृत्त झाले आणि टाचणी आणि रंगारी जात त्या चर्चच्या मंडळीत वडील, म्हणजे पंच, म्हणून निवडून आले. म्हणजे आता वर्ग मोठा झाला, एवढाच फरक. त्यांचा थोरला भाऊ दारूने मेला होता. त्यामुळे दारूवरचा त्यांचा राग खरा होता, हे टाचणीही मान्य करायची. द्राक्षारस माणसाची टवाळी करतो, लाल दिसला तरी त्याच्याकडे बघूसुद्धा नका, शेवटी तो सापासारखा डसतो, ही नीतिसूत्रांतली वचनं ते अशी म्हणत की पहिल्या बाकावरची पोरं पाय वर घेत. वर्षातून एक रविवार त्यांनी दारूबंदीचा ठेवला होता. त्या रविवारी रंगाऱ्याने पुढे उभं राहून साक्ष द्यायची, आपण कसे होतो आणि प्रभूने आपल्याला कसं उचललं.

पहिल्या वर्षी त्याने चार वाक्यं सांगितली आणि घाम पुसत खाली बसला. हेडमास्तर म्हणाले, लोकांना कळेल असं सांग. दुसऱ्या वर्षी गटार आलं. तिसऱ्या वर्षी गटारात तो रात्रभर पडला. नवव्या वर्षापर्यंत गटाराची नदी झाली होती, कात्रीचा कोयता झाला होता, आणि इस्पितळात त्याला शुभ्र कपड्यातला कुणीतरी दिसला होता. तो कुणीतरी म्हणजे तिथला वॉर्डबॉय होता, हे टाचणीला ठाऊक. तिला मात्र पुढच्या बाकावर बसावं लागे, आणि हेडमास्तर तिच्याकडे हात करून म्हणत, "आणि ही ती सोशिक माउली." सोशिक! तिला वाटे, उठावं आणि या हेडमास्तरच्या कोटाच्या सगळ्या शिवणी उसवून टाकाव्यात.

खरी काळजी वेगळीच होती. साक्ष दिली की पुढचे तीन-चार दिवस रंगारी ठिकाणावर नसे. ओठांवरून जीभ फिरवायचा, धुतलेले ब्रश पुन्हा धुवायचा. ज्या गोष्टीचं नाव वर्षभर काढायचं नाही, तिचं वर्णन अर्धा तास करायचं, वासासकट. दुसरं काय होणार?

"यंदा नाही म्हणा ना," ती नवव्या वर्षी म्हणाली.

"पूर्वी मला बघून लोक रस्ता बदलायचे," तो म्हणाला. "आता खुर्ची देतात. नाही कसं म्हणू?"

त्याने नववी साक्ष दिली आणि चौथ्या दिवशी प्यायला. एका मोठ्या घराचं काम संपलं होतं. घरमालकही ख्रिस्ती, पण दुसऱ्या पंथाचा. त्यांच्यात जेवणाबरोबर पेला घेणं म्हणजे पाप नाही. त्याने प्रार्थना करून नवं घर प्रभूला अर्पण केलं आणि सगळ्या कामगारांच्या हातात वाइन दिली. रंगारी नको म्हणाला, तर मालक हसला. "अरे, काना गावच्या लग्नात प्रभूने स्वतः पाण्याचा द्राक्षारस केला. तू काय त्याच्यापेक्षा पवित्र?" माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त माहीत नव्हतं की तो कुणाला पाजतोय. रंगाऱ्याने एक घेतला, मग तीन घेतले, मग मोजायचं सोडलं.

टर्पेंटाइनच्या वासाखालचा तो दुसरा वास टाचणीला दारातच आला.  तो तिच्यासमोर बसला आणि लहान मुलासारखा रडला. "कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. "मी सावरतो. सावरलो की मी स्वतःच सांगेन सगळ्यांना. थोडे दिवस दे मला. शपथ घे."

तिने शपथ घेतली. आठ दिवस तो काम सुटल्यावर सरळ घरी आला. पुन्हा उंबऱ्यावर गुडघे धरून बसू लागला आणि ती पुन्हा शेजारी काजं करू लागली. नवव्या दिवशी, शुक्रवारी, तो वेळेवर आला नाही. अर्धा तास झाला, तास झाला. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं झालं तिचं. तिला विकलेलं मशीन दिसलं, उगारलेला हात दिसला. सव्वा तास झाल्यावर ती उठली आणि तडक हेडमास्तरांच्या घरी गेली. त्याला कुणाचं ऐकायची सवय असेल तर यांचंच, असं तिला वाटलं. "सर, घरी या, गुपचूप त्याच्याबरोबर प्रार्थना करा," ती म्हणाली, आणि सगळं सांगून बसली.

हेडमास्तरांनी डोळे मिटून ऐकलं. "बरं केलंस सांगितलंस," ते म्हणाले. "आता तू काळजी सोड. मी बघतो."

ती घरी आली तर रंगारी जिन्याखाली शिडी ठेवत होता. घामाघूम, पण डोळे स्वच्छ. "त्या मालकाच्या गावाबाहेरच्या बंगल्याचं काम धरलं होतं," तो म्हणाला. "तिथे पुन्हा पेले निघणार. काम सोडलं आणि सामान उचलून आणलं. एवढी शिडी घेऊन चालत यायचं म्हणजे वेळ लागतो गं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. जी बाई डॉक्टरांच्या बायकोला तिचं दुसरं पोट दाखवायची, तिचं त्या क्षणी तोंड उघडेना. सर येतील, दोन शब्द बोलतील, काय बिघडणार आहे, असं तिने स्वतःला समजावलं. शनिवारी हेडमास्तर आलेच नाहीत. चला, विसरले असतील म्हणून तिने सुस्कारा सोडला.

रविवारी प्रभुभोजन होतं, प्रभूची आठवण म्हणून सगळ्यांनी एका भाकरीतून खायचा आणि एका प्याल्यातून प्यायचा दिवस. भाकर फिरण्याआधी हेडमास्तर उभे राहिले. मद्यपी देवाच्या राज्याचे वारसदार होणार नाहीत, हे प्रेषित पौलाचं वचन त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि रंगाऱ्याला उभं राहायला सांगितलं. नऊ वर्षं ज्याने इथे साक्ष दिली तो पुन्हा पडला आहे, ते म्हणाले. त्याने ते कबूल करावं, आणि सहा महिने त्याला भाकर नाही, प्याला नाही. 

रंगारी उभा राहिला. त्याने हेडमास्तरांकडे पाहिलं नाही, लोकांकडे पाहिलं नाही. शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं. ही गोष्ट त्याने जगात एकाच माणसाला सांगितली होती. तिने मान खाली घातली.

"हो. प्यायलो," तो म्हणाला आणि बाकांमधून चालत बाहेर गेला.

दुपारी टाचणी हेडमास्तरांच्या दारात उभी राहिली. आत या म्हणायची तिने वाट पाहिली नाही.

"मी तुम्हाला प्रार्थनेला बोलावलं होतं सर. तमाशाला नाही!"

"मी शास्त्राबाहेर काही केलेलं नाही," हेडमास्तर शांतपणे म्हणाले. "पाप करणाऱ्याला सर्वांसमोर दोष दे, म्हणजे इतरांना धाक बसेल, असं पौलच आपल्या शिष्याला, तीमथ्याला लिहितो."

"त्याच पत्रात त्याच पानावर, तीन वचनं पुढे, तो तीमथ्याला लिहितो, नुसतं पाणी पिऊ नकोस, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे. ते नऊ वर्षांत एकदा तरी वाचलंत?"

"ते औषध होतं. तुझा नवरा काय औषध घेत होता?"

"नव्हता! त्याला थेंबभर चालत नाही, हे तुम्ही मला शिकवता? बारा वर्षं ओकारी मी काढली. त्या मालकाला काना पाठ, तुम्हाला नीतिसूत्रं पाठ. त्याने त्याची ओळ काढून पाजली, तुम्ही तुमची ओळ काढून हाकललं, आणि मधल्या मध्ये माझा माणूस भरडला. खुद्द प्रभूला लोक खादाड आणि दारूबाज म्हणत होते, का? तर पडलेल्यांच्या पंगतीला बसायचा म्हणून. तुम्ही कधी बसलात आमच्या उंबऱ्यावर?"

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तिला जोर चढला. "आणि नोहा? जलप्रलयातून वाचलेला एवढा नीतिमान माणूस. द्राक्षमळा लावला, प्यायला, तंबूत उघडा पडला. एका पोराने पाहिलं आणि बाहेर जाऊन सांगितलं. दुसरे दोघे पाठमोरे चालत गेले आणि बापाकडे न बघता त्याच्यावर कापड टाकलं. शाप कुणाच्या घराला लागला सर? प्यायला त्याच्या? की सांगत सुटला त्याच्या?"

हेडमास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "खरं आहे तुझं. पण बाई, मी तर तंबूत गेलोच नव्हतो. बाहेर येऊन मला सांगितलं कोणी?"

टाचणी वळली आणि घराकडे चालू लागली. 

घरी रंगाऱ्याने चहा ठेवला होता. ती दारातच म्हणाली, "मी सांगितलं. मला भीती वाटली हो. तुम्ही आला नाहीत, मला वाटलं पुन्हा..."

"तसंच वाटणार," तो म्हणाला. "घे, चहा घे."

त्याने आदळआपट केली असती, दोन कानाखाली दिल्या असत्या, तरी तिला बरं वाटलं असतं. त्याने काहीच केलं नाही. पुन्हा प्यायलाही नाही, कधीच नाही. सहा महिन्यांनी मंडळीने त्याला परत घेतलं, तो मागच्या बाकावर बसू लागला, आणि हेडमास्तर जाईल तिथे सांगू लागले, पाहा, शिस्तीचं फळ! साक्ष द्यायला मात्र तो पुन्हा उभा राहिला नाही. त्याचं कुणाला विशेष वाटलं नाही. तोवर त्यांना दुसरा एक सापडला होता.

घरात तो नीट वागायचा. बाजारातून सामान आणायचा, मशीनला तेल घालायचा. विचारलं तर बोलायचा: काम झालं, पाऊस येईल, जेवलो. पण कुणाच्या भिंतीत ओल आहे ते काही तिला कळेनासं झालं. "अहो, भांडा तरी माझ्याशी," ती एकदा ओरडली. "कशावरून भांडू?" तो म्हणाला, आणि त्याला खरंच काही सुचत नव्हतं. अशी अकरा वर्षं गेली.

मग एका सकाळी तो शिडीवर चढला आणि पोट धरून खाली बसला. इस्पितळात तरुण डॉक्टरीण तपासून झाल्यावर टाचणीकडे वळली. "किती दिवसांपासून दुखतंय यांना?"

"आजच," टाचणी म्हणाली.

"आठ महिने झाले," रंगारी खाटेवरून म्हणाला.

डॉक्टरीण दोघांकडे पाहत राहिली. आठ महिन्यांपूर्वी आला असतात तर, एवढं म्हणून तिने वाक्य अर्धं सोडलं आणि दुसऱ्या खाटेकडे गेली.

टाचणीने त्याचा हात धरला. बोटांच्या सांध्यांत पांढरा रंग बसला होता. "आठ महिने? मी शेजारी झोपत होते हो. मला का नाही सांगितलंत?"

तो रागावला नव्हता. विचारलंय तर खरं उत्तर द्यावं, म्हणून त्याने बराच वेळ विचार केला.

"दोन-तीनदा ओठांवर आलं होतं," तो म्हणाला. "पण तुला काही सांगायची सवयच राहिली नाही गं."