दोन्ही वयांनी पासष्ट

दिनांक ११ जानेवारी, रविवार, सकाळचे सव्वाअकरा. बेरीज पासष्ट. हजर: मी, माझी बायको, माझे थोरले भाऊ आणि क्रांती चौकात दुसऱ्या मजल्यावर परदेशी व्हिसाची कामं करून देणारा एजंट. भावांचं तिथं तसं काही काम नव्हतं. पण मी कुठं सही करणार असं कळलं की ते सोबत येतात.

ऑस्ट्रेलियात कुशल कामगार म्हणून कायमचं जायचं तर तिथलं सरकार माणसाला गुण देतं. पासष्टच्या खाली विचारत नाहीत. माझे वयाचे पंचवीस, पदवीचे पंधरा, कारखान्याला साचे-हत्यारं बनवून देणाऱ्या टूलरूममधल्या सोळा वर्षांचे पंधरा आणि नुकत्याच दिलेल्या इंग्रजीच्या परीक्षेचे दहा. एक कमी नाही, एक जास्त नाही. आमच्या कंपनीची टूलरूम सप्टेंबरात इथून हलणार होती, आणि चाळिशीच्या माणसाला इथं तसलं काम पुन्हा मिळेल याची मला खात्री नव्हती. म्हणून ही बेरीज.

एजंट घरच्यांच्या जन्मतारखा भरून घेऊ लागला. वडलांची एक जून. भावांची एक जून. बायकोची एक जून. माझीही एक जून. त्यानं पेन खाली ठेवलं.

“साब, ये घर है के हॉस्पिटल? तिथला अफसर मला विचारंल ना!”

भाऊ म्हणाले, “त्यात काय? गुरुजी शाळेत नाव घालताना समद्यांची तीच घालायचे. अर्धा जिल्हा एक जूनचाच हाय. तुमची कोणती?”

एजंट पेन उचलत म्हणाला, “एक जून.”

मग त्यानं खरी अडचण सांगितली. येत्या एक जूनला मला चाळीस पूर्ण होणार. त्या दिवशी वयाचे पंचवीस गुण पंधरा होणार आणि माझी बेरीज पंचावन्नवर येणार. ऑस्ट्रेलियाचं बोलावणं त्याआधी आलं पाहिजे, आणि पासष्टवाल्यांची रांग मोठी होती.

मी म्हणालो, “पण माझा खरा जन्म दिवाळीतला आहे. आई नेहमी सांगायची.”

“तो फिर क्या! पाच महिने मिळतील. काही पुरावा आणा, साब.”

पुढच्या रविवारी मी एकटाच गावी गेलो. ज्या गुरुजींनी माझं नाव शाळेत घातलं ते नव्वदीला टेकलेत, पण अजून चष्म्याशिवाय पेपर वाचतात. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं: वय कमी तर गुण जास्त, आणि कागदावर मी पाच महिन्यांनी मोठा झालोय.

गुरुजी म्हणाले, “मोठा? नाय रे. मी तुला लहान केलं.”

“म्हणजे?”

“तुझा बाप म्हणला, पोरगं सरकारी नोकरीत लागंल, रिटायर उशिरा व्हायला पाहिजे. म्हणून जन्माच्या पुढची एक जून घातली. सात महिने दिले तुला. तू काय कंपनीत गेलास, मी काय करू?”

मी म्हणालो, “गुरुजी, दिवाळी जूननंतर येते.”

“आणि जूनच्या आधी येत नाय का? माझी थोरली नात वसुबारसेची, तू त्याच आठवड्यात भाऊबीजेचा. तुझ्या आईला डिंकाचे लाडू आमच्याच घरून गेले. थोरलीला मागच्या दिवाळीत चाळीस झाली.”

“तिचीही तारीख तुम्हीच घातली असेल.”

“तिची खरी घातली. स्वतःच्या घरात खोटं कसं लिहायचं?”

चाळीस वर्षं मी चुकीची दिवाळी धरून चाललो होतो. आकड्यांत सहसा न चुकणाऱ्या माणसाला हे फार लागतं. वय कमी करायला गेलो आणि एक वर्षानं वाढवून आलो. मला खरोखरीची चाळीस वर्षं दोन महिने झाली होती, म्हणजे वयाचे पंधराच, आणि बेरीज आजच पंचावन्न.

घरी आल्यावर बायको म्हणाली, “अहो, पासपोर्टवर काय आहे?”

“एक जून.”

“मग संपलं की.”

“पण मला कळलंय ना आता.”

“तुम्हाला कळलंय. ऑस्ट्रेलियाला कुठं कळलंय?” मग थोड्या वेळानं, भाजी परतता परतता: “आणि स्थळ आलं तेव्हा मुलगा अठ्ठावीसचा सांगितला होता.”

मी हिशोब करून सांगितलं की लग्नाच्या दिवशी मी एकोणतीस वर्षं सहा महिन्यांचा होतो. त्यानंतर दोन दिवस ती मला “अहो आजोबा” म्हणत होती.

एजंटाचंही म्हणणं तेच. “साब, जो पासपोर्ट पे, वो ही सच.” कायद्यानं त्याचं बरोबर होतं. पण अर्जाच्या शेवटी ‘वरील सर्व माहिती सत्य आहे’ असं लिहिलेलं असतं आणि खाली माझी सही असते. मी ठरवलं की दोन्ही वयांनी पासष्ट झाले तरच अर्ज करायचा. पासपोर्टच्या वयानं होतेच. खऱ्या वयानं दहा कमी पडत होते, आणि ते मिळण्याची एकच जागा होती, इंग्रजी.

इंग्रजीच्या चार भागांपैकी तीन भागांत मला आठच्या वर होते. लेखनात सात. तेवढाच भाग पुन्हा देता येत होता. आठ मिळाले तर इंग्रजीचे दहाचे वीस होणार होते.

गारखेड्यात एक मॅडम या परीक्षेचा क्लास घेतात. त्यांनी माझा सरावाचा निबंध वाचला. विषय होता, शहरात झाडं लावावीत का.

“सर, व्याकरण ठीक आहे. पण उदाहरण कुठंय? स्वतःच्या ओळखीतलं उदाहरण लागतं.”

“माझ्या ओळखीत कोणी झाडं लावलेली नाहीत.”

“मग एक काका तयार करा.”

“मला काका नाहीत.”

“सर, परीक्षक पुंडलिकनगरला तुमच्या घरी येऊन काका मोजणार आहे का?”

मी चार दिवस विचार केला. वयाचं खोटं टाळायला काकाचं खोटं लिहायचं, हे मला पटत नव्हतं. शेवटी स्वतःला असं समजावलं की काकाला गुण नाहीत, वाक्यरचनेला आहेत. परीक्षेत पाण्याच्या बचतीवर निबंध आला. मी लिहिलं की पैठणच्या माझ्या काकांनी तीनशे झाडांना ठिबकनं पाणी दिलं. त्यांपैकी दोनशे चाळीस जगली, म्हणजे ऐंशी टक्के. तीनशेची तीनशे जगवायला माझा हात धजावला नाही.

लेखनात आठ आले.

पासपोर्टच्या वयानं पंच्याहत्तर, खऱ्या वयानं पासष्ट. पंच्याहत्तरमुळं बोलावणं मे महिन्यातच आलं. अर्जाला मी एक पानाचं पत्र जोडलं. दोन तारखा, दोन बेरजा, गुरुजींचा खुलासा. एजंट म्हणाला, “साब, ज्यानं विचारलं नाही त्याला कशाला सांगता?” पण बायको म्हणाली, “जोडू द्या. नाहीतर हे तिथं जाऊन सांगतील.” काकांविषयी पत्रात काही नव्हतं.

आठ महिन्यांनी आम्हा तिघांचे, म्हणजे मुलीसकट, व्हिसा आले. पत्राबद्दल एक अक्षर नाही.

एकूण खर्च असा: लेखनाच्या फेरपरीक्षेचे अकरा हजार, परीक्षा केंद्राला. क्लासचे चार हजार, मॅडमना. एजंटाला पंचवीस हजार, दोन हप्त्यांत, पावतीसह. आणि व्हिसाची फी चार लाख एकोणसाठ हजार, अधिक ती कार्डानं भरल्याचे जादा सहा हजार चारशे सव्वीस, ऑस्ट्रेलिया सरकारला.