पट वाढवायला माझीच बहीण

सांगूनच टाकते, नाहीतर मम्मी तिच्या पद्धतीने सांगेल आणि सगळी चूक पप्पांची निघेल. बरीचशी आहेच, पण सगळी नाही!

माझे पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. मोखाड्याच्या पुढे एका पाड्यावर होते, आम्हीही तिथेच राहायचो. धाकटी बहीण पाड्यावरच्या पोरींतच वाढली, त्यांच्याच बोलीत बोलायची, अगदी झोपेतसुद्धा. मी दहावीचा शेवटचा पेपर देऊन आले आणि घरात बातमी, पप्पांची बदली! जव्हारजवळच्या एका गावात. खोली जव्हारातच घ्यायची हे मम्मीने तिथल्या तिथे ठरवलं. राहिला प्रश्न बहिणीचा, ती तिसरीत जाणार होती. जव्हारातली मोठी सरकारी शाळा, की पप्पांची गावातली दोन खोल्यांची?

म्हणजे तसा प्रश्न नव्हताच. पाड्यावर दुसरी शाळाच नव्हती म्हणून ठीक, पण जरा मोठं गाव मिळालं की गुरुजींची पोरं गुरुजींच्या शाळेत दिसत नाहीत. सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही.

तरी पप्पा म्हणाले, "बघून तर येऊ." पप्पा, मी आणि बहीण, आम्ही तिघं मोठी शाळा बघायला गेलो. पप्पा कसे, तर इन केलेला शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात फाईल. (फाईलमध्ये लाईटबिल होतं.) वर्गाच्या दारात उभं राहून ते सवयीने फळ्यावरची तारीख बघायला लागले, हजेरी लिहिलीय का बघायला लागले. आतल्या मॅडम ताडकन उठल्या. "साहेब, या ना!" लगेच अख्खा वर्ग उभा, "एक साथ नमस्ते!" आता माणसाने सांगायचं ना, की मी साहेब नाही? पप्पांनी एका मुलाला सतराचा पाढा विचारला! चहा आला, तोही प्यायला!

घरी येऊन वर मम्मीला सांगतात, "काय शिस्त आहे! टाचणी पडली तर ऐकू येईल."

"मग ठरलं तर," मम्मी म्हणाली.

बहीण कोपऱ्यातून हळूच म्हणाली, "तिथं कुणी बोलतच नाही."

"अगं, पप्पांना घाबरून गप्प होते ते," मी म्हटलं. तिला ते पटलं नाही.

खरी काळजी पुढेच सुरू झाली. मे महिन्यात आम्ही जव्हारला आलो आणि ही गप्पच झाली. आमच्याशी बोलायची, बाहेर कुणाशी नाही. शेजारच्या मुलीने दोनदा खेळायला बोलावलं, ही दाराच्या मागे. एकदा बोलली तर त्या मुलीने विचारलं, "तू अशी का बोलतेस?" झालं, तेवढ्यावर पुन्हा दार लावलं. मम्मी म्हणायची शाळा सुरू झाली की बोलेल. पण रात्री पप्पांना विचारायची, "बोलेल ना हो?"

जूनमध्ये पप्पांचा नव्या शाळेच्या गावात घरोघरी फिरायचा कार्यक्रम. पट कमी, म्हणजे शाळेत पोरंच कमी, मग पहिलीला कोण येतंय ते शोधत हिंडायचं. मला सुट्टी होती, मीही गेले, बहिणीला गाडीवर पुढे बसवलं. एका घरी आजी सरपण रचत होत्या. पप्पांनी भाषण चालू केलं. आपली शाळा किती छान, नातवाला लांब कुठे पाठवू नका, आम्ही जीव लावून शिकवतो, वगैरे वगैरे. आजींनी हातातलं लाकूड नीट लावलं आणि विचारलं, "गुरुजी, तुजी पोर कठं जाय शालंत?"

मी जमिनीकडे बघतेय, हसू दाबून जीव चाललाय!

आणि पप्पा बोलून गेले, "इथंच! इथंच येणार ना ती!"

"मंग माजा नातू बी येल," आजी म्हणाल्या.

आम्ही बहिणीला शोधायला वळलो तर ती घरामागे तीन पोरींबरोबर चिखलाची चूल मांडून बसलेली, आणि पाड्याच्याच बोलीत बडबड बडबड बडबड! महिन्याभराचं साचलेलं सगळं एकदम. पप्पा बघतच राहिले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "मम्मीला तू सांग."

मी कशाला सांगू? त्यांनीच सांगितलं, जेवताना, भाताकडे बघत.

"पट वाढवायला माझीच पोर सापडली का?" मम्मी कडाडली. "एका खोलीत तीन वर्ग बसतात तिथे! तिचे नवे बूट आणलेत मी!"

"बूट तिथेही चालतात," पप्पा म्हणाले. हे बोलायची काही गरज होती का?

पण मी चिखलाच्या चुलीचं सांगितल्यावर मम्मी थांबली. "किती वेळ बोलत होती?" तिने विचारलं. मग म्हणाली, "दिवाळीपर्यंत बघू."

पप्पांनी बहिणीला बजावलं, वर्गात पप्पा म्हणायचं नाही, गुरुजी म्हणायचं. हिने मान डोलावली. आठवड्याने पप्पा डबा विसरले म्हणून मी द्यायला गेले, तर बाहेरूनच आवाज, "पप्पा, माजं झालं! पप्पा, हा मारतो! पप्पा, पाणी!" अख्खा वर्ग! आजींचा नातूसुद्धा! मधोमध आमची बहीणबाई कुणाची तरी वजाबाकी तपासत बसलेली. नंतर विचारलं तर म्हणे, "मीच सांगितलं त्यांना. गुरुजी म्हटलं की ते लगेच बघत नाहीत."

घरी सांगितल्यावर मम्मी हसून हसून बेजार. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "चौथीपर्यंत राहू दे. पाचवीला मात्र जव्हार, आत्ताच सांगून ठेवते." पप्पा लगेच हो म्हणाले, त्यांना सुटल्यासारखं झालं.

तेवढ्यात बाहेर भांडण सुरू झालं. बहीण आणि शेजारची मुलगी, दोघींचाही आवाज टिपेला, आमची अर्धं पाड्याच्या बोलीत, अर्धं मराठीत. मम्मी ओरडायला म्हणून उठली आणि दारातच उभी राहिली.

"आत बोलावू?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "भांडू दे जरा."